लोखंडी दाराला घरच्या घरी रंग: सुरुवात खालच्या कडेपासून

लोखंडी दाराचा रंग वरून जात नाही, खालून जातो. आमच्या कोल्हापुरात तर हमखास. रोज सकाळी उंबरा धुवायचा, दारात सडा टाकायचा, सणावाराला बादलीभर पाणी ओतून पायरी घासायची. हे सगळं पाणी दाराच्या खालच्या चार बोटांवर उडतं. शिवाय जून ते सप्टेंबर पावसाची झड आहेच. वरचा भाग वर्षानुवर्षं चकचकीत राहतो आणि खालचा पट्टा दोन-तीन पावसाळ्यांत पोपडे धरतो. मग एखाद्या रविवारी घरातलं कोणीतरी डबा आणतं, त्या पोपड्यांवरूनच चॉकलेटी रंगाचा हात मारतं, आणि पुढच्या श्रावणात तेच पोपडे नव्या रंगासकट उभे राहतात.

मी रंगारी नाही. मंगळवार पेठेतल्या आमच्या घराचं दार आतापर्यंत तीनदा रंगवलं. पहिल्यांदा पार फसलं, दुसऱ्यांदा बरं झालं, तिसऱ्यांदाचं अजून टिकून आहे. त्यावरून एवढं कळलं, की या कामाचा मोठा वाटा खरवडणं, धुणं आणि वाट बघणं यातच जातो. रंगाचा एक हात द्यायला दोन तास खूप झाले. हाती पूर्ण एक दिवस असेल तरी काम उरकायची घाई करू नका, तीन-चार दिवसांत ते वाटून टाका.

मुहूर्त

घट बसायच्या आधी घर धुऊन काढायची आपली पद्धत. त्याच ओघात दाराला रंगही उरकावा असं वाटतं. मी म्हणतो, तो हट्ट सोडा. नवरात्रापर्यंत हवेतली ओल गेलेली नसते आणि परतीचा पाऊस दुपारी चारला गडगडत येतो. हवेत ८५ टक्क्यांच्या वर आर्द्रता असेल तर ऑइल पेंट नीट वाळत नाही. वाळला तरी चमक मरते, वर पांढुरकी साय धरल्यासारखं दिसतं. मोबाइलवरच्या हवामानात आर्द्रतेचा आकडा असतो, तो बघूनच डबा उघडा.

पहिल्यांदा मी नेमकं हेच चुकलो. जूनमध्ये दोन दिवस उघडीप मिळाली म्हणून रंग दिला. संध्याकाळी बोट लावलं तर किंचित चिकट. रात्री दार लावणं भाग होतं, लावलं. पहाटे साडेपाचला दूधवाल्यानं कडी वाजवली आणि दार उघडेना. आतून मी ओढतोय, बाहेरून तो बिचारा ढकलतोय. शेवटी चर्रर्र आवाज करत उघडलं, तेव्हा दाराच्या कडेचा वीतभर रंग चौकटीला आणि चौकटीचा दाराला. "भावा, रंग काढायला काढलास काय?" एवढंच तो म्हणाला.

दिवाळी उरकली की मार्चअखेरपर्यंतचा काळ चांगला. थंडीत मात्र पहाटेचं दव लोखंडावर बसतं, ते डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे सकाळी दहानंतर सुरू करा आणि दुपारी तीनपर्यंत ब्रश खाली ठेवा, म्हणजे रात्रीचं दव पडायच्या आत रंगाला साय धरायला वेळ मिळतो. गावाच्या कडेला, उसाच्या रानाजवळ राहत असाल तर आणखी एक बघा. गळीत हंगामात कुठंतरी पाचट पेटवतात आणि त्याची काळी काजळी वाऱ्यावर येऊन ओल्या रंगावर अलगद बसते. बोटानं काढायला गेलात की डाग पसरलाच. तशीच राहू द्या, वाळल्यावर पेपरनं घासून काढता येते.

एप्रिल-मेमध्ये पश्चिमेच्या दारावर दुपारचं ऊन असतं. तापलेल्या पत्र्यावर रंग पसरायच्या आधीच ओढला जातो आणि ब्रशच्या रेघा राहतात. अशा दाराचं काम सकाळच्या सावलीतच करायचं.

आधी दार ओळखा

फ्रीजवरचं चुंबक काढा आणि दाराला लावा. चिकटलं तर लोखंड, नाही चिकटलं तर ॲल्युमिनियम किंवा स्टेनलेस स्टील. त्या दोन्हींची गोष्ट वेगळी, हा लेख त्यांच्यासाठी नाही. चिकटलं तरी एक प्रश्न उरतो: साधं लोखंड की जस्ताचा थर दिलेला जीआय पत्रा? रंग उडालेल्या जागी नीट बघा. करडा रंग, त्यावर बर्फाच्या स्फटिकासारखी नक्षी आणि गंज जवळजवळ नाही, असं असेल तर जीआय. हे बघणं महत्त्वाचं आहे, कारण साधा ऑइल पेंट थेट जस्तावर धरत नाही. जस्ताशी रंगातल्या तेलाची प्रक्रिया होऊन मधे साबणासारखा थर बनतो आणि काही महिन्यांत रंग कागदासारखा सुटतो. जीआय असेल तर दुकानात तसं स्पष्ट सांगून जीआयचाच प्रायमर, म्हणजे रंगाच्या आधी द्यायचा अस्तराचा हात, मागा.

आपल्याकडची बहुतेक दारं फॅब्रिकेटरनं बॉक्स पाइप (चौकोनी पोकळ नळी) आणि पत्रा जोडून केलेली असतात. त्यांचा कच्चा दुवा म्हणजे वेल्डिंग. वेल्डिंगचे दाणे नीट न घासता वर रेड ऑक्साइडचा (तांबड्या प्रायमरचा) पातळ हात मारून दार घरी पोचवलेलं असतं. गंज आधी तिथं धरतो, नाहीतर खालच्या कडेला.

आता ती खालची कड बघायची. दार न उतरवता बघायची युक्ती सांगतो. मोबाइलचा सेल्फी कॅमेरा सुरू करा, दार उघडून फोन फरशीवर उताणा ठेवा आणि दाराखाली हळूहळू सरकवा. मी पहिल्यांदा असं बघितलं तेव्हा उडालोच. समोरून गुळगुळीत दिसणाऱ्या दाराच्या तळाला रंगाचा थेंब नव्हता. तपकिरी खपल्या एकावर एक, भजीच्या कडेसारख्या, आणि एका कोपऱ्यात आगपेटीच्या काडीएवढी फट. तिथून पाणी आत जात होतं आणि बाहेर यायला वाट नव्हती.

भोक पडलं असेल किंवा स्क्रू ड्रायव्हरनं टोचल्यावर पत्रा आत जात असेल, तर रंगाचा विचार थांबवा. आधी फॅब्रिकेटरकडून पट्टी वेल्ड करून घ्या. भोकात लांबी (पुट्टी) भरून वर रंग दिला तर ती एक पावसाळा काढते, मग लांबीसकट गळून पडते. वेल्डिंग आधी, रंग नंतर. उलटं केलंत तर नवा रंग जळणार. वेल्डर आलाच आहे तर बॉक्स पाइपच्या तळाला सहा मिलिमीटरचं एक भोक पाडून घ्या, आत गेलेलं पाणी निघून जाईल. पुढं रंग देताना ते भोक बुजवू नका.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्यांच्या दाराशी पाणी आलं, शाहूपुरीची कुंभार गल्ली असो की सुतारवाडा, त्यांनी तर पाइपच्या आतला गाळ आधी काढावा. गाळ ओल धरून ठेवतो, आणि आतून गंजणाऱ्या दाराला बाहेरून कितीही रंग द्या, तो टिकणार नाही. भोकातून पाइपनं पाणी मारायचं, स्वच्छ पाणी येईपर्यंत, आणि मग चांगले आठ-दहा दिवस ऊन-वारा लागू द्यायचा.

सामान

लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानात मी "काका, दाराला रंग द्या" म्हणालो. त्यांनी शेड कार्ड पुढं केलंच नाही. म्हणाले, "गंज कुठवर आलाय ते आधी सांग." खरा दुकानदार हा.

तीन बाय सात फुटांचं दार म्हणजे एका बाजूला २१ चौरस फूट, दोन्ही बाजू ४२. चौकट आणि कडा धरून ५५ समजा, म्हणजे साधारण पाच चौरस मीटर. एक लिटर ऑइल पेंट ब्रशनं एका हाताला दहा-बारा चौरस मीटर जातो. म्हणजे दोन हातांना एक लिटरचा डबा पुरतो. प्रायमर अर्धा लिटर. जाळी, नक्षी किंवा ग्रिल असेल तर थोडा जास्त धरा, कारण गोल सळईवर रंग खूप जातो.

बाकी तारेचा ब्रश, रंग खरवडायचा पत्रा, ८०, १२० आणि २२० नंबरचे एमरी पेपर (नंबर जितका मोठा तितका पेपर मऊ), दोन इंची ब्रश एक चांगला आणि एक इंची एक, मास्किंग टेप, हातमोजे, मास्क, चष्मा, जुनी सुती फडकी. ब्रशवर पैसे वाचवू नका. स्वस्त ब्रशचे केस दारावर राहतात आणि ते चिमट्यानं उपटत बसावं लागतं, अनुभव आहे.

थिनरच्या बाबतीत मात्र दोनदा विचारा. ऑइल पेंटला लागतं ते मिनरल टर्पेंटाइन. नुसतं 'थिनर द्या' म्हटलं तर हातात एनसी थिनर पडू शकतं. ते गाड्यांच्या रंगाचं, फार जहाल. जुन्या ऑइल पेंटला लागलं की खालचा थर सुरकुततो, म्हाताऱ्याच्या कातड्यासारखा. आणि घरी आणलेलं थिनर थंड पेयाच्या बाटलीत अजिबात ओतू नका, लहान मुलांच्या घरात तर नाहीच.

प्रायमरमध्ये साध्या लोखंडाला रेड ऑक्साइड चालतो, स्वस्त आहे, सगळीकडे मिळतो. झिंक फॉस्फेटचा मिळाला तर तो गंज जास्त चांगला अडवतो, मी आता तोच घेतो. पिवळा झिंक क्रोमेटही मिळतो आणि तो कामाचा आहे, पण त्यातला क्रोमियम कर्करोगकारक आहे. घरी, पोराबाळांत बसून त्याची धूळ उडवायची गरज नाही.

खरवडणं

दाराची कडी, कोयंडा, हँडल, नावाची पाटी, पीपहोल, जे स्क्रूनं निघतं ते काढा. निघत नाही त्यावर टेप. तोरणाचे खिळे, 'शुभ-लाभ'चे स्टिकर, मागच्या निवडणुकीतलं कोणाचं तरी चिकटवलेलं चिन्ह, सगळं निघालं पाहिजे. स्टिकरच्या गोंदाला थोडं खोबरेल चोळून ठेवा, दहा मिनिटांनी निघतो. पण नंतर तिथलं तेल साबणानं नीट धुवा. बिजागरीतल्या वंगणाचंही तसंच. तेलकट जागी रंग धरत नाही. काहीजण दार रॉकेलनं पुसतात, त्याचा तेलकट ओघळ मागं राहतो. कपड्यांच्या साबणाचं कोमट पाणी, मग स्वच्छ पाणी, मग कोरडं फडकं, एवढं बास.

दार उचलून काढायच्या बिजागरीचं असेल तर काढून दोन स्टुलांवर आडवं ठेवा. आडव्या दारावर रंगाचे ओघळ येत नाहीत आणि खालची कड समोर येते. पण उचलायला दोघं लागतात, एकट्यानं शूरपणा करू नका. आमचं दार वेल्ड केलेल्या बिजागरीचं आहे, म्हणून मी उघडं ठेवून खाली लाकडाची पाचर मारतो.

जुना सगळा रंग काढायचा का? तसं नाही. ब्लेडनं रंगावर एक फुली मारा, वर चिकटपट्टी घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. पट्टीबरोबर रंग आला तर त्या भागातला सगळा रंग उतरवावा लागेल. पट्टी कोरडी आली तर जुना रंग मजबूत आहे. त्याला फक्त १२० च्या पेपरनं घासून चमक मारायची, म्हणजे नव्या रंगाला पकड मिळते.

गंजाच्या जागी मात्र दयामाया नाही. आधी पत्र्यानं खपल्या उडवायच्या, मग तारेचा ब्रश, मग ८० चा पेपर. गंज झालेलं लोखंड फुगून मूळच्यापेक्षा जास्त जागा घेतं, म्हणूनच तो वरचा रंग उचलतो. थोडा जरी सुटा गंज राहिला तरी खालून त्याचं काम चालू राहतं. गंजलेल्या जागेच्या बाहेर दोन बोटं, निरोगी रंगापर्यंत घासत जा. जुन्या रंगाची धार बोटाला लागता कामा नये. डोळे मिटून हात फिरवायचा, कड लागली तर अजून घासायचं.

ग्राइंडरला तारेचा कप लावून हे काम दहा मिनिटांत होतं हे खरं. पण नवख्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये. कपातल्या तारा सुटून उडतात, आणि १८ गेजचा पत्रा जेमतेम १.२ मिलिमीटरचा असतो, गंजून तो आणखी पातळ झालेला असतो.

खड्ड्यांत रुतलेला बारीक गंज पेपरनं निघत नाही. त्यासाठी फॉस्फरिक ॲसिडचं रस्ट कन्व्हर्टर मिळतं. लावलं की तिथलं लोखंड काळपट होतं. ते सुट्या खपल्यांवर लावून उपयोग नाही, आणि लावल्यावर धुवायचं की नाही हे डब्यावर लिहिलेलं असतं, ते पाळा.

दार फार जुनं असेल तर एक खबरदारी. भारतात घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त नसावं, हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. अशा दारावर कोरडं घासून धूळ उडवू नका. वॉटर पेपर ओला करून घासा, खाली प्लास्टिक अंथरा, निघालेला गाळ त्यातच गुंडाळून टाका आणि लहान मुलांना त्या दिवशी मामाकडे पाठवा.

पोचे आले असतील तर दोन भागांची लांबी, हार्डनर मिसळून, उघड्या स्वच्छ लोखंडावर प्रायमरच्या आधीच भरायची. ती काही मिनिटांत घट्ट होते, त्यामुळे लिंबाएवढीच कालवा. खरं सांगू, बारीकसारीक पोचे मी तसेच सोडतो. घराचं दार आहे, शोरूमची गाडी नव्हे.

प्रायमर आणि रंग

घासून उघडं पडलेलं लोखंड रात्रभर तसंच ठेवायचं नाही. सकाळी उठून बघाल तर त्यावर केशरी छटा आलेली असते. बोटांचा घामही पुरतो त्याला. म्हणून घासाल त्याच दिवशी टर्पेंटाइनच्या फडक्यानं धूळ पुसा, वाळू द्या आणि प्रायमर मारा.

डबा उघडल्यावर तळापर्यंत काठीनं ढवळा, प्रायमरचा जड भाग खाली बसलेला असतो. सुरुवात वेल्डिंगच्या जागा, कोपरे आणि खालची कड यांपासून, एक इंची ब्रशनं. दार उतरवलं नसेल तर स्टीलच्या पट्टीला फोमचा तुकडा रबरानं बांधा, प्रायमरमध्ये बुडवून निथळा आणि दाराखालून दोन-तीनदा सरकवा. परत फोन घालून बघा. या जागा झाल्या की मग उरलेलं दार. उघड्या लोखंडाच्या जागी दुसऱ्या दिवशी आणखी एक हात द्या. पण रेड ऑक्साइडवर थांबून महिनाभर दार तसंच ठेवू नका. तो सच्छिद्र असतो, एकटा पाणी अडवत नाही.

प्रायमर रात्रभर वाळला की २२० च्या पेपरनं हलका हात फिरवा आणि धूळ पुसा. आता रंग. डब्यातून थेट न वापरता लहान भांड्यात काढा आणि पाच-दहा टक्के टर्पेंटाइन घाला, त्याहून जास्त नको. ब्रश केसांच्या एक तृतीयांश बुडवायचा आणि भांड्याच्या काठावर टेकवून जादाचा रंग सोडायचा.

क्रम असा: आधी कडा, मग नक्षी किंवा आतले चौकोन, मग आडव्या पट्ट्या, शेवटी उभ्या पट्ट्या. प्रत्येक भाग आडवा-उभा पसरून शेवटचा ब्रश नुसत्या टोकानं, वरून खाली, न थांबता ओढायचा. एकदा असं सारखं केलं की मागं वळून बघायचं नाही. पाच मिनिटांनी कुठंतरी रेघ दिसते आणि हात शिवशिवतो. तिथं ब्रश लावला की अर्धवट सुकलेला रंग ओढला जाऊन कायमचा ओरखडा पडतो. ओघळ दिसला तरी तसाच वाळू द्या, नंतर पेपरनं बसवता येतो.

दोन पातळ हात, मधे निदान एक रात्र आणि २२० चा हलका पेपर. एकच जाड हात दिला तर वरून साय धरते, आत ओलं राहतं आणि सुरकुत्या पडतात.

राहता प्रश्न, पुढचं दार रात्री लावणार कसं? चौकट एका दिवशी, दार दुसऱ्या दिवशी रंगवा. दाराच्या कडा सकाळी सगळ्यात आधी उरका. संध्याकाळी दार लावताना चौकटीच्या टेकणाऱ्या जागेवर प्लास्टिकच्या पिशवीची पट्टी लावा. आणि त्या दिवशी घरी थांबणारं कोणीतरी हवं. उघडं दार आणि रंगाचा वास म्हटल्यावर गल्लीतले चारजण सल्ला द्यायला येतातच, त्यांना चहा पाजायलाही माणूस लागतो.

रंग पुसलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेलाचा रंग वाळताना उष्णता सोडतो आणि दाबून ठेवलेल्या बोळ्याला ती बाहेर पडायला वाव नसतो, आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी उघड्यावर पसरून कडक वाळू द्या, मग टाका.

काहीजण विचारतात, पावडर कोटिंग का नाही? दार उतरत असेल तर चांगला पर्याय आहे, शिरोली-गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत करून देणारे आहेत. पण ते भट्टीत साधारण १८० ते २०० अंशांवर भाजतात, त्यामुळे दारात लांबी, फोम किंवा लाकूड असेल तर अडचण येते. आणि दोन दिवस घराला दार नसणार, ते कसं करायचं ते बघा.

उरलेला रंग लहान काचेच्या बरणीत काठोकाठ भरून ठेवा, वर शेडचा नंबर आणि तारीख लिहा. पावसाळ्याआधी, मे महिन्यात, फोन पुन्हा दाराखाली घाला. नखाएवढा पोपडा तेव्हाच खरवडून दोन थेंब लावले तर सगळं दार परत काढायची वेळ लवकर येत नाही.

हाताला कोरडा लागला तरी रंग आतून घट्ट व्हायला आठवडा जातो. तोवर दार धुणं नाही, टेप नाही, तोरण नाही. तोरणाला दारावर खिळा मारण्यापेक्षा वर भिंतीत दोन हूक बसवा. मी हे घरात सगळ्यांना बजावलं होतं. तरी आईनं तिसऱ्या दिवशी सकाळी उंबऱ्याची पूजा करताना दारालाही कुंकवाचं बोट टेकवलं. ते बोट अजून तिथंच आहे.